घरगुती टर्नटेबलमधील अनिष्ट ध्वनी व कंपने : स्रोतनिश्चिती आणि उपाययोजना

बीजशब्द : टर्नटेबल, ध्वनिमुद्रिका, गुणगुण, घरघर, अनुस्पंदन, अर्थिंग, तानपुरा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक घरांत आजही ध्वनिमुद्रिकांचा लहानमोठा संग्रह जपलेला आढळतो. नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, ख्यालगायनाच्या ३३⅓ फेऱ्यांच्या एल.पी. आणि भावगीतांच्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. ही सर्वच ध्वनिमुद्रणे पुढे कॅसेट वा सीडीवर आलेली नाहीत. त्यामुळे पुष्कळदा घरातील तबकडी हीच त्या गायनाची हाताशी असलेली एकमेव प्रत ठरते. अशी तबकडी बऱ्याच वर्षांनी वाजवावयास घेतली की गाण्याबरोबर गुणगुण, घरघर, धपधप, चरचर असे नाना आवाज ऐकू येतात आणि 'रेकॉर्ड खराब झाली' असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुतः यांपैकी बहुतेक आवाज तबकडीत नसतात. ते यंत्रात, विजेच्या जोडणीत किंवा खोलीच्या जमिनीत असतात.

निदान चुकले तर उपायही चुकतो आणि येथे चुकीच्या उपायाची किंमत तबकडीला मोजावी लागते. सुईवर वजन वाढविणे, लाखेची तबकडी स्पिरिटने पुसणे, अर्थिंगची तार तोडणे हे प्रचलित घरगुती उपाय त्याची उदाहरणे होत. म्हणून कोणताही उपाय योजण्यापूर्वी आवाज कोठून येतो हे निश्चित करण्याची पद्धत प्रस्तुत लेखात विशद केली आहे.

सूक्ष्म कंपन मोठे का होते?

तबकडीच्या खाचेतून सुई जाते तेव्हा कार्ट्रिजमध्ये निर्माण होणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. चलचुंबक पद्धतीच्या सर्वसाधारण कार्ट्रिजमधून सुमारे ५ मिलिव्होल्ट, तर चलकुंडल पद्धतीच्या कार्ट्रिजमधून बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी दाब मिळतो. सीडी प्लेअरचा कमाल संकेत २ व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे पहिल्या प्रकारापेक्षाही सुमारे चारशे पट अधिक. ही तूट प्रवर्धकाला भरून काढावी लागते आणि संकेताबरोबर अनिष्ट ध्वनीही तितकाच मोठा होतो.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते. एल.पी.वर मुद्रण करताना खर्जातील स्वर मुद्दाम क्षीण केले जातात, अन्यथा खाचा फार रुंद होऊन एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावणार नाही. वाजविताना फोनो प्रीअँप्लिफायर ही उणीव भरून काढतो. १९५४ पासून रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. मानकानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे १७ डेसिबेलने, म्हणजे सातपट वाढविला जातो. २० हर्ट्झच्या बाबतीत ही वाढ नऊपटींहून अधिक होते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, मोटरची कंपने २० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतात आणि पावलांचे हादरे त्याच्याही खाली असतात. म्हणजे जेथे शत्रू अधिक, नेमका तेथेच दरवाजा अधिक उघडा, अशी ही रचना आहे.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला याचा विशेष त्रास होतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मोठ्या आवाजात किंचित गुणगुण झाकली जाते. तानपुऱ्याच्या साथीवर चाललेल्या विलंबित आलापीत ती झाकली जात नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक मानला तर तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. विजेची गुणगुण मुख्यतः ५० आणि १०० हर्ट्झची. या खर्जाच्या संदर्भात १०० हर्ट्झचा स्वर तीव्र मध्यमापेक्षा चढा आणि पंचमापेक्षा उतरता पडतो. तानपुऱ्याला कोणी एक बेसूर तार जोडावी आणि ती अखंड छेडत राहावे, तसा हा प्रकार होतो. आपण ऐकतो आहोत ती गुणगुण की तानपुरा, असा संभ्रम ज्यांना पडतो त्यांच्यासाठी एक खूण सांगता येईल. तबकडी थांबली की तानपुरा थांबतो, गुणगुण थांबत नाही.

स्रोत शोधण्याचा क्रम

पुढील चाचण्यांना कोणतेही उपकरण लागत नाही. मात्र सुई उचलताना व टेकविताना आवाज प्रत्येक वेळी कमी करावा आणि स्थिर तबकडीवर सुई टेकविण्याच्या चाचणीसाठी टाकाऊ तबकडी वापरावी.

प्रथम टर्नटेबलचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा, सुई विश्रामस्थानी असावी आणि अँप्लिफायर फोनो स्थितीत ठेवून आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवावा. या अवस्थेत गुणगुण ऐकू आली तर मोटर निर्दोष आहे. दोष तारांत, अर्थिंगमध्ये किंवा अँप्लिफायरमध्ये आहे. आवाजाचे बटण फिरवूनही गुणगुण कमीजास्त होत नसेल तर ती त्या बटणाच्या पुढील भागात, म्हणजे शक्ती-प्रवर्धकात आहे आणि टर्नटेबलशी तिचा संबंधच नाही.

यानंतर प्लग लावून मोटर सुरू करावी, पण सुई वरच ठेवावी. येथे नव्याने ऐकू येणारा आवाज मोटरच्या विद्युत वा चुंबकीय क्षेत्राचा असतो. मग मोटर बंद करून स्थिर तबकडीवर सुई टेकवावी. आता जे ऐकू येते ते खोलीतून, जमिनीतून आणि स्पीकरमधून परत येणारे कंपन होय. बेल्टच्या यंत्रात आणखी एक चाचणी शक्य असते. बेल्ट काढून मोटर फिरती ठेवावी व स्थिर तबकडीवर सुई टेकवावी. थाळी स्थिर असूनही घरघर आली तर ती मोटरकडून चौकटीतून पोहोचत आहे. या सर्व चाचण्यांत शांतता असेल आणि आवाज केवळ प्रत्यक्ष वादनातच येत असेल तर मुख्य बेअरिंग, सुई किंवा तबकडी यांकडे वळावे. या शेवटच्या टप्प्यावर दुसरी, शक्यतो नवी तबकडी लावून पाहणे आवश्यक असते, कारण काही घरघर मूळ मुद्रणयंत्राचीच तबकडीत उतरलेली असते आणि ती घरात बसून दूर करता येत नाही.

विजेची गुणगुण

टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंत डाव्या व उजव्या वाहिनीच्या तारांबरोबर बहुधा एक तिसरी बारीक तार येते. ही अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या मागील स्क्रूला घट्ट जोडलेली असणे आवश्यक असते. स्थलांतरात ती तुटते किंवा निरुपयोगी समजून कापली जाते आणि पुढे वर्षानुवर्षे गुणगुण सहन केली जाते. काही आधुनिक यंत्रांत हे काम आतच केलेले असते. तेथे वेगळी तार नसणे हा दोष नव्हे.

गुणगुण एकाच वाहिनीतून येत असेल तर कार्ट्रिजच्या मागील चार बारीक तारा पाहाव्यात. पांढरी व निळी डाव्या वाहिनीची, तांबडी व हिरवी उजव्या वाहिनीची, असा संकेत आहे. त्यांच्या टोकांवरील टोप्या सैल होतात किंवा दमट हवेत गंजतात. टोनआर्म हाताने हळूहळू आतील बाजूस नेताना गुणगुण वाढत गेली तर मोटरचे किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरत आहे असे समजावे. अशा वेळी टर्नटेबल अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवलेले असेल तर ते हात-दीड हात दूर नेणे एवढाच उपाय बहुधा पुरतो.

अर्थिंगचा अभाव हे जसे गुणगुणीचे कारण असते, तसेच अर्थिंगचे दोन मार्ग असणे हेही असते. दोन उपकरणे दोन वेगळ्या सॉकेटांतून जमिनीशी जोडली गेली की त्यांच्यातील तारांचे एक वेटोळे तयार होते आणि त्यात विजेची गुणगुण प्रेरित होते. केबल टीव्हीची तार त्याच अँप्लिफायरपर्यंत आलेली असल्यास ती काढून पाहावी. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतली की वेटोळे लहान होते. परंतु गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन काढून टाकण्याची जी युक्ती सर्रास सुचविली जाते, ती कदापि करू नये. उपकरणात बिघाड झाल्यास धातूच्या पेटीवर येणारी वीज त्या पिनेवाटेच जमिनीत जाते. पिन नसेल तर ती स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जाते. जुन्या काळच्या ए.सी.-डी.सी. व्हॉल्व्ह रेडिओंच्या बाबतीत धोका याहून गंभीर आहे. त्यांच्या चौकटीवरच प्रत्यक्ष वीज असू शकते, म्हणून अशा रेडिओच्या पिकअप छिद्रांना टर्नटेबल जोडण्याचा प्रयोग जाणकाराशिवाय करू नये. नळाच्या पाइपाला तार बांधून अर्थिंग मिळविण्याची जुनी पद्धतही आता सोडून द्यावी. पाइप प्लॅस्टिकचे असल्याने त्यातून काहीच साधत नाही आणि लोखंडी असल्यास शेजाऱ्यालाही धोका संभवतो.

गुणगुणीपेक्षा तीक्ष्ण अशी 'झर्र' करणारी एक जात आहे. तिचा उगम बहुधा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये किंवा दिव्याच्या डिमरमध्ये असतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद केला की आवाज थांबतो, हीच त्याची परीक्षा. वीज गेल्यावर चौकोनी तरंग देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर टर्नटेबल चालविल्यास असाच कर्कशपणा येतो.

यंत्रातील घरघर

मोटरचे फिरणे थाळीपर्यंत कसे पोहोचते यावर घरघरीचे स्वरूप अवलंबून असते. सुटकेससारख्या पेटीतील जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये मोटरचा दांडा व थाळीची कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असते. चार ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर सेकंदाला जवळपास २५ फेरे घेते आणि ते कंपन रबरी चाकातून थेट थाळीत जाते. यंत्र बंद असतानाही चाक दांड्याला टेकलेलेच राहिले तर रबराला खळगा पडतो आणि मग घरघरीत ठरावीक अंतराने 'टप्' असा ठोका मिसळतो. चाकाची कड हलक्या हाताने पुसून स्वच्छ करावी. तिला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तेल हवे ते थाळीच्या मुख्य बेअरिंगला, तेही पातळ व दोन-चार थेंबच. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रातील वंगण डिंकासारखे घट्ट झालेले असते. ते पूर्ण पुसून नवे घातल्याखेरीज वरून तेल ओतण्यात अर्थ नाही.

बेल्टच्या यंत्रांत हा प्रश्न पुष्कळ सौम्य होतो, कारण २४ ध्रुवांची समकालिक मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला केवळ २५० फेरे घेते आणि लवचीक बेल्ट उरलेली कंपने शोषतो. येथे प्रसंगोपात्त एका गोष्टीचा उल्लेख करावा लागेल. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेले समकालिक मोटरचे यंत्र ६० हर्ट्झसाठी बनविलेले असते. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावला तरी कंप्रता बदलत नाही. अशा यंत्रावर ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे होतात आणि काळी एकमध्ये गाणारा गायक खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो. गायकाचा आवाज 'जड' वाटतो म्हणून अँप्लिफायरला दोष दिला जातो. वास्तविक तेथे मोटरवरची कप्पी बदलावी लागते किंवा ५० हर्ट्झचे भाग मिळवावे लागतात.

ज्यांच्या संग्रहात एकवाहिनी मुद्रणे अधिक आहेत त्यांना एक सोपा लाभ घेता येतो. या तबकड्यांत संगीत खाचेच्या केवळ आडव्या हालचालीत असते, तर बेअरिंगची घरघर बऱ्याच अंशी उभ्या हालचालीत असते. अँप्लिफायरवरील मोनो बटण दाबताच उभ्या हालचालीचे संकेत परस्परांना छेदतात. घरघर आणि चरचर दोन्ही लक्षणीय प्रमाणात घटतात आणि संगीताची काहीही हानी होत नाही.

पावले, स्पीकर आणि रबराचे तुकडे

कार्ट्रिजची सुई ज्या बारीक दांडीवर बसविलेली असते ती स्प्रिंगसारखी लवचीक असते आणि टोनआर्मचे वस्तुमान त्या स्प्रिंगला लटकलेले असते. अशा प्रत्येक जोडीची एक स्वाभाविक कंप्रता असते व त्या कंप्रतेचा हादरा मिळाला की अनुस्पंदन होऊन हालचाल अनेक पटींनी वाढते. ही कंप्रता काढण्याचे सूत्र सोपे आहे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान व कार्ट्रिजचे वजन यांची ग्रॅममधील बेरीज घ्यावी, तिला उत्पादकाने दिलेल्या लवचीकतेच्या अंकाने गुणावे आणि गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागावे. बेरीज १७ व लवचीकता १५ असता उत्तर सुमारे १० हर्ट्झ येते, आणि ते योग्य होय. बेरीज २७ व लवचीकता ३० असता ते ५.६ हर्ट्झवर येते. वाकलेल्या तबकडीचे हेलकावे याच पट्ट्यात असल्याने अशी जोडी सतत डोलत राहते. संगीत नसतानाही स्पीकरचा मोठा पडदा मागेपुढे हलताना दिसणे, हे तिचे दृश्य लक्षण आहे. ८ ते १२ हर्ट्झ ही मर्यादा सुरक्षित मानली जाते.

तथापि जोडी उत्तम जुळली तरी १० हर्ट्झच्या आसपासचा हादरा बाहेरून आला तर ती डोलणारच. जुन्या वाड्यांतील लाकडी तक्तपोशीवर कोणी चालले की सुई उडते, याचे कारण तक्तपोशीचे हेलकावे या पट्ट्याच्या जवळ येतात. सिमेंटच्या स्लॅबवर हा त्रास कमी असतो, पण नाहीसा होत नाही. यावर टर्नटेबलच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवण्याचा सल्ला हमखास दिला जातो. त्याची उपयुक्तता आकडेमोडीने तपासता येते. कोणताही लवचीक आधार त्याच्या स्वाभाविक कंप्रतेच्या सुमारे १.४ पटींच्या वरचीच कंपने अडवितो. त्याखाली तो ती जशीच्या तशी जाऊ देतो आणि स्वाभाविक कंप्रतेवर तर वाढवितो. ही कंप्रता आधार वजनाखाली किती दबतो यावरून काढता येते. १ मिलिमीटर दबणाऱ्या आधाराची कंप्रता सुमारे १६ हर्ट्झ येते, आणि रबराच्या बाबतीत प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिकच. म्हणजे पावलांच्या हादऱ्यावर तो निरुपयोगी ठरतो. कंप्रता ३ हर्ट्झवर आणावयाची तर आधार २७-२८ मिलिमीटर दबला पाहिजे. हे काम स्प्रिंगांनी होते, किंवा फळीखाली अर्धवट हवा भरलेली सायकलची ट्यूब ठेवून होते. हौशी मंडळी वापरीत असलेली ही दुसरी युक्ती दिसावयास गावठी असली तरी शास्त्रदृष्ट्या रबरी तुकड्यांपेक्षा सरस आहे. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी ए.आर. टर्नटेबलमध्ये थाळी व टोनआर्म एकाच उपचौकटीवर बसवून ती उपचौकट तीन स्प्रिंगांवर तोलली, त्यामागे हेच तत्त्व होते.

सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय मात्र वेगळाच आहे. विटांच्या भक्कम भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून त्यावर फळी टाकावी व टर्नटेबल तेथे ठेवावे. जमीन कितीही हलली तरी भिंत तेवढी हलत नाही.

स्पीकरकडून परत येणारे कंपन हा याच प्रश्नाचा दुसरा अवतार होय. दिवाणखान्यातील एकाच शोकेसमध्ये मधोमध टर्नटेबल आणि दोन्ही बाजूंस स्पीकर, ही मांडणी दिसावयास देखणी असली तरी ध्वनीच्या दृष्टीने वाईट आहे. स्पीकरचे कंपन फळीतून सुईत, सुईतून अँप्लिफायरमध्ये आणि तेथून पुन्हा स्पीकरमध्ये जाते. आवाज वाढविताच प्रथम खर्ज फुगतो आणि अखेरीस घुमारा सुरू होतो. स्थिर तबकडीवर सुई टेकवून आवाज हळूहळू वाढविला असता घुमारा आला तर निदान पक्के झाले. स्पीकर वेगळ्या स्टँडवर नेल्याखेरीज यावर इलाज नाही.

डोलणारा स्वर

याला रूढ अर्थाने गोंगाट म्हणता येणार नाही, परंतु तानपुऱ्यावर तो गोंगाटाइतकाच जाणवतो. तबकडीचे मधले छिद्र अचूक मध्यभागी नसेल तर प्रत्येक फेऱ्यात, म्हणजे एल.पी.च्या बाबतीत दर १.८ सेकंदांनी, स्वर चढतो व उतरतो. छिद्र अर्ध्या मिलिमीटरने सरकलेले असेल तर मध्यापासून ६० मिलिमीटर अंतरावरील शेवटच्या खाचांत स्वर दोन्ही दिशांना सुमारे १४ सेंट ढळतो. एका प्रमाणश्रुतीचे मान साधारण २२ सेंट असते, हे लक्षात घेतले म्हणजे एकूण २८-२९ सेंटांचे हे डोलणे किती मोठे आहे ते कळते. टोनआर्म प्रत्येक फेऱ्यात आडवा हेलकावत असेल तर दोष तबकडीचा. तो स्थिर असून स्वर अनियमितपणे ढळत असेल तर दोष सैल बेल्टचा किंवा घट्ट झालेल्या वंगणाचा.

चरचर, सुई आणि नाणे

चरचरीपैकी काही भाग धुळीचा, काही स्थिर विजेचा आणि काही कायमच्या झिजेचा असतो. कोरड्या हवेत, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, स्थिर वीज अधिक साचते. कोकणच्या पावसाळ्यात ती कमी होते, पण तेथे तबकडीच्या कव्हरांना बुरशी धरते. जुन्या प्लेअरमधील स्फटिकी कार्ट्रिजमध्ये रोशेल लवणाचा स्फटिक असल्यास तो दमट हवेने निकामी होतो आणि आवाज क्षीण व फाटका येतो. तो दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

तबकडी धुण्याबाबत एक भेद प्राणपणाने पाळला पाहिजे. एल.पी. व्हायनिलची असते व तिला ऊर्ध्वपातित पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेले चालते. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. भारतात अशा तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे केवळ काळावरून अंदाज न बांधता फेऱ्यांची संख्या व वजन पाहावे. त्या ऊर्ध्वपातित पाण्याने, लेबल न भिजविता, पुसून लगेच कोरड्या कराव्यात. या तबकड्यांची खाचही रुंद असते. एल.पी.ची सुमारे २५ मायक्रॉन गोलाईची सुई तिच्या तळाशी घसरत चालते आणि तळातील सारा कचरा ऐकविते. तेथे ७५ मायक्रॉनची वेगळी सुई लागते. 'जुन्या रेकॉर्डी अशाच वाजतात' हा समज बऱ्याच अंशी चुकीच्या सुईतून आलेला आहे.

सुई उडू लागली की टोनआर्मच्या टोकावर चार आण्यांचे नाणे ठेवण्याची प्रथा घरोघर होती. नाण्याचे वजन अडीच-तीन ग्रॅम. बहुतेक चलचुंबक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम भार अपेक्षित असतो. म्हणजे नाण्याने तो दुपटीहून अधिक होतो, सुईची दांडी दबते आणि खाचेच्या भिंती घासल्या जातात. भार अतिशय कमी ठेवणे हेही हितकर नाही. तशा सुईचा खाचेशी संपर्क सुटतो आणि परत आदळताना ती भिंत खरवडते. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतील वरच्या निम्म्यात भार ठेवणे सर्वांत सुरक्षित असते. शिवाय झिजलेल्या हिऱ्याच्या सुईला धारदार कडा येतात. अशा सुईने एकदाच वाजविलेली तबकडीही पूर्ववत होत नाही, म्हणून इतिहास माहीत नसलेल्या यंत्रावर दुर्मीळ तबकडी लावण्यापूर्वी सुई सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावी किंवा बदलावी.

संगणकावर नोंद घेताना

अलीकडे अनेक संग्राहक आपल्या तबकड्यांच्या संगणकीय प्रती करतात. गुणगुण नंतर गाळून टाकू, असा विचार करून यंत्रातील दोष तसाच ठेवला जातो. ५०, १००, १५०, २०० हर्ट्झ अशा ओळीने गाळण्या लावल्या की गुणगुण जाते हे खरे. पण खर्ज, जोड व पंचमाच्या तारांचे उपस्वर याच प्रदेशात दाटीने असतात आणि मींड तर प्रत्येक कंप्रतेतून सरकत जाते. गाळणीच्या जागी मींडेचा आवाज क्षणभर खचतो. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या मानाने, कोणतीही गाळणी न लावता मूळ प्रत जतन करावी, अशी आहे. स्वच्छ केलेली प्रत तिच्यावरून वेगळी करावयाची असते. मूळ नोंद सुरू करताना सुई टेकविण्यापूर्वीचे दहा-पंधरा सेकंद आणि सुरुवातीच्या रिकाम्या खाचेचे काही सेकंद अवश्य ठेवावेत. पहिल्या भागात केवळ विजेचा आवाज असतो, दुसऱ्यात त्यावर यंत्राचा व तबकडीचा आवाज चढलेला असतो. पुढे कधीही त्या प्रतीवर काम करणाऱ्याला कोणता आवाज कोणाचा, हे त्या दोन तुकड्यांवरून ठरविता येते.